गप्पांच्या पॉडकास्टसाठी क्लिप्स निवडणं आणि ऑडिओचं काम सांभाळणं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दोन माणसं बोलत असतात, मध्येच तिसऱ्याच कुणाचा तरी जुना आवाज येतो, मागे कुठेतरी पाऊस लागलेला असतो आणि गप्पा पुन्हा पुढे सरकतात. ऐकताना हे फार सहज वाटतं. करायला बसलं की कळतं, प्रत्येक सांध्याखाली पाच-सहा निर्णय दडलेले आहेत आणि ते कोणत्या क्रमानं घ्यायचे हे कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या पहिल्या एपिसोडमध्ये मी अकरा क्लिप्स घातल्या होत्या. प्रत्येक क्लिप छानच होती. एपिसोड ऐकून एका मैत्रिणीनं विचारलं, "पाहुणे नेमकं काय म्हणत होते गं? मला सगळे आवाज आठवतायत, पण बोलणं आठवत नाही." तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: ही क्लिप काढून टाकली तर बोलण्यातलं काही हरवतं का? हरवत नसेल तर ती कितीही सुंदर असो, बाहेर. खाली जे लिहिलंय ते सगळं या कसोटीभोवती आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

साधनं:

- बोलणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतंत्र माइक. खोली अगदी शांत नसेल तर डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं टिपतो, त्यात शेजारच्या घरातला मिक्सरही येतो.
- प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा ठेवणारा रेकॉर्डर किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी).
- कान पूर्ण झाकणारे, तारेचे हेडफोन.
- एडिटिंगचं सॉफ्टवेअर. ऑडासिटी मोफत आहे, 2000 सालापासून चालत आलेलं आहे आणि सुरुवातीला पुरून उरतं. रीपर 60 दिवस वापरून बघता येतं.
- फाइल्स ठेवायला किमान दोन वेगळ्या जागा.

कागदपत्रं:

- पाहुण्यांचं लेखी संमतीपत्र: रेकॉर्डिंग, काटछाट आणि प्रसारण या तिन्हींसाठी.
- बाहेरून घेतलेल्या प्रत्येक क्लिपच्या परवान्याची प्रत.
- क्लिप्सची नोंदवही. साधी स्प्रेडशीट चालते.
- एपिसोडचा एक पानी आराखडा.

1. आधी आराखडा, मग क्लिपचा शोध

बहुतेक जण उलटं करतात. आधी क्लिप्स जमवतात, मग त्या बसवायला जागा शोधतात आणि शेवटी गप्पाच क्लिप्सच्या मागे धावू लागतात.

एका पानावर बोलण्याचे मुद्दे क्रमानं लिहा. मग ऐकणाऱ्याच्या जागी बसून समास भरा: कोणत्या मुद्द्याला "हे प्रत्यक्ष ऐकायला मिळालं तर?" असं वाटेल? तिथे फुली मारा. चाळीस मिनिटांच्या गप्पांत माझ्या तीन, फार तर चार फुल्या होतात. हा नियम नाही, माझा अनुभव आहे.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट ठरवा. पाहुण्यांनी क्लिप ऐकून त्यावर बोलायचं आहे का? तसं असेल तर क्लिप रेकॉर्डिंगच्या आधी तयार हवी आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्यांच्या हेडफोनमध्ये ती वाजवायला हवी. "इथे आपण नंतर एक भाषण लावणार आहोत, तुम्ही त्याबद्दल बोला" असं सांगितलं की माणूस आठवणीतून बोलतो. प्रत्यक्ष ऐकून जो क्षणभर थांबतो, जो "हं" निघतो, तो नंतर कुठूनही आणता येत नाही.

2. ही क्लिप इथे कशासाठी?

नोंदवहीत प्रत्येक क्लिपसमोर तिचं काम एका ओळीत लिहा. ओळ सुचली नाही तर क्लिपची गरज नाही, हे समजून घ्या.

सगळ्यात भक्कम काम म्हणजे पुरावा, म्हणजे ज्याची गोष्ट त्याच्याच आवाजात. समजा, पाहुणे 20 जुलै 1969 च्या चंद्रावतरणाबद्दल सांगतायत. यान खाली येत असताना संगणकानं 1202 क्रमांकाचा इशारा दिला, ही माहिती पाहुणे देऊ शकतात, आणि तुम्हीही देऊ शकता. पण आर्मस्ट्राँग त्या इशाऱ्याबद्दल विचारतात तेव्हाचा आवाज, आणि पृथ्वीवरून उत्तर येईपर्यंतचा तो काळ, हे कुणालाच बोलून दाखवता येणार नाही. तिथे क्लिप हवीच.

दुसरं काम जागा उभी करण्याचं. छापखाना, बंदर, शाळेची मधली सुट्टी. हे आवाज गप्पांच्या मागे पंधरा-वीस सेकंद येऊन विरले की पुरे. तिसरं काम विसाव्याचं: एक विषय संपून दुसरा सुरू होताना पाच-सात सेकंदांचं संगीत. त्यासाठी एकच तुकडा सगळ्या एपिसोड्सना वापरा. ऐकणाऱ्याला तो ओळखीचा झाला की "आता विषय बदलला" हे सांगावं लागत नाही.

शब्दाला शब्द आवाज लावणं मात्र टाळा. पाहुण्यांनी "पाऊस" म्हटलं की पाऊस, "दार" म्हटलं की दार वाजवलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र आपसूक उभं राहत होतं त्यावर आपण आपलं चित्र थापतो. नव्या माणसाला याचाच मोह सर्वात जास्त होतो, कारण असे आवाज लगेच सापडतात.

3. हक्क: आवडण्याआधी तपासा

क्रम महत्त्वाचा आहे. क्लिप आवडली, एपिसोडमध्ये बसवली, सगळं जुळून आलं आणि मग परवाना पाहिला, तर मन स्वतःची समजूत घालायला लागतं. म्हणून आधी परवाना वाचायचा, मगच फाइल उतरवून घ्यायची.

काही समजुती सर्रास ऐकू येतात आणि त्यांनीच माणसं अडकतात.

"दहा सेकंद चालतात." असा सेकंदांचा सरसकट नियम कुठेच नाही. टीका, समीक्षा, अभ्यास अशा कामांसाठी थोडा भाग वापरायची सवलत अनेक देशांच्या कायद्यात आहे, पण तिथे हेतू, प्रमाण आणि परिणाम पाहिला जातो. सवलतीच्या अटीही देशागणिक बदलतात. आणि समीक्षेची सवलत पार्श्वसंगीताला लागू होईल अशी आशा धरू नका.

"रचना जुनी आहे, म्हणजे मोकळी आहे." गाण्यात किंवा वादनात दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, एक ध्वनिमुद्रणाचा. बेथोव्हेन 1827 मध्ये गेले, त्यांच्या रचना सर्वांच्या आहेत. पण एखाद्या वाद्यवृंदानं गेल्या वर्षी केलेलं त्याच रचनेचं रेकॉर्डिंग त्या वाद्यवृंदाचं किंवा त्याच्या कंपनीचं आहे.

"रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट." नाही. त्याचा अर्थ दर वापरामागे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. परवाना विकत घ्यावा लागू शकतो, आणि त्याच्या अटी असतात.

"मी त्या म्युझिक अ‍ॅपचे पैसे भरते." ते ऐकण्याचे पैसे आहेत. पुन्हा प्रसारित करण्याचे नाहीत.

मोकळे आवाज शोधायला सुरुवातीची जागा म्हणजे फ्रीसाउंड. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात 2005 मध्ये सुरू झालेला हा संग्रह आहे. तिथल्या आवाजांवर बहुतांशी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असतात. हे वापराच्या अटी छोट्या इंग्रजी अक्षरांत सांगणारे तयार परवाने आहेत, म्हणून ती अक्षरं वाचता येणं गरजेचं आहे. सीसी-झीरो म्हणजे श्रेय देण्याचीही अट नाही. बीवाय म्हणजे श्रेय द्या: आवाजाचं नाव, करणाऱ्याचं नाव, मूळ दुवा, परवाना, आणि तुम्ही बदल केला असेल तर तेही. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नको. एनडी म्हणजे बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करू नका, त्यामुळे कापून, मिसळून वापरायच्या क्लिपसाठी हा परवाना मी बाजूलाच ठेवते. एसए म्हणजे त्यावरून केलेलं काम त्याच परवान्यानं खुलं करा. तुमचा एपिसोड खुला करायची तयारी नसेल तर सुरुवातीला तेही टाळा.

एनसीपाशी जरा थांबा. आज तुमच्या पॉडकास्टला जाहिरात नाही म्हणून एनसीचं संगीत घेतलंत आणि वर्षभरानं प्रायोजक मिळाला, तर जुन्या सगळ्या एपिसोड्सचं संगीत बदलावं लागेल. मला चौदा एपिसोड्सचं बदलावं लागलं. काही एपिसोड्समध्ये ते संगीत बोलण्याखाली मिसळून गेलेलं होतं, वेगळे ट्रॅक्स ठेवलेले नव्हते, त्यामुळे ती बोलणीच कापावी लागली. शीर्षकसंगीत तरी पहिल्या दिवसापासून सीसी-झीरो, बीवाय किंवा रीतसर विकत घेतलेलं असू द्या. एखाद्या ओळखीच्या वादकाकडून करून घेतलंत तर त्याहून उत्तम, फक्त लेखी परवानगी घ्या.

नासाचं ध्वनिसाहित्य अमेरिकेत सहसा कॉपीराइटखाली येत नाही. नासाचा तुम्हाला पाठिंबा आहे असं भासवायचं नाही आणि त्यात कुणा तिसऱ्याचं साहित्य आहे का ते पाहायचं. बीबीसीचा ध्वनिसंग्रह मोठा आणि देखणा आहे, पण त्याचा मोफत परवाना व्यावसायिक कामासाठी नाही. इंटरनेट आर्काइव्हवर एखादी गोष्ट दिसते म्हणून ती वापरायला मोकळी आहे असं धरू नका, प्रत्येक पानावरची नोंद वेगळी वाचा.

4. नोंदवही

रकाने एवढेच: क्लिपचं नाव, कुठून घेतली, कुणाची, परवाना, उतरवल्याची तारीख, मूळ लांबी, वापरलेला भाग, एपिसोडमध्ये काम काय, श्रेयाची ओळ. परवाना दिसत असलेल्या पानाची पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की दिलेल्याकडून काढून घेता येत नाही, पण ते पान उद्या तिथे नसलं तर तो तेव्हा दिला होता हे दाखवायला तुमच्याकडे ही पीडीएफच असेल.

5. क्लिप कापणं

या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्यावा असं मनापासून वाटतं. कारण इथे दुसऱ्या माणसाचं बोलणं आपल्या हातात असतं.

एक खरं उदाहरण देते. एका निवृत्त रेल्वे सिग्नलमनची मी मुलाखत घेतली होती. त्यातला एका रात्रीचा प्रसंग पुढच्या एका एपिसोडमध्ये क्लिप म्हणून हवा होता. मूळ तुकडा 1 मिनिट 50 सेकंदांचा. त्यात धुकं होतं, केबिनचं वर्णन होतं, बदली कुठून झाली ते होतं, घड्याळ कसं पाच मिनिटं पुढे असायचं तेही होतं. मी आधी सगळं शब्दशः लिहून काढलं. क्लिप कानानं नाही, कागदावर निवडावी. कानाला सगळंच आवडतं. लिहिल्यावर दिसलं, गाभा तीन वाक्यांत आहे:

"फोन वाजला तेव्हा पावणेतीन झाले होते. पलीकडून कुणी बोललंच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मला भीती नाही वाटली... म्हणजे वाटली, पण गाडी निघून गेल्यावर."

हे सलग 24 सेकंदांत बसलं. धुकं आणि एकटेपणा मी माझ्या ओळीत घेतला: "धुक्याची रात्र होती आणि केबिनमध्ये ते एकटेच होते." लगेच क्लिप. माझ्या ओळीत फोन नाही, पावणेतीन नाही. क्लिपचं पहिलं वाक्य आपण आधीच बोलून टाकलं तर क्लिपला बोलायला काही उरत नाही. ही चूक फार सामान्य आहे.

आता शेवट पाहा. "मला भीती नाही वाटली" इथे कापलं असतं तर चार-पाच सेकंद वाचले असते आणि वाक्य दमदार झालं असतं. पण ते त्यांचं म्हणणं नव्हतं. थांबून, सुधारून त्यांनी जे सांगितलं तेच त्यांचं म्हणणं होतं.

मराठीत कापताना हा धोका जास्तच आहे, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी बसतो. "मला ते पटलं" आणि "मला ते पटलं नाही" यांत फक्त शेवटच्या अर्ध्या सेकंदाचा फरक. शिवाय क्रियापदही शेवटी, आणि बोलताना आवाज नेमका तिथेच खाली उतरतो. "होतं", "आहे", "नाही" हे शब्द पुटपुटल्यासारखे येतात, पडद्यावरच्या लहरीत ते जवळजवळ सपाट दिसतात आणि डोळ्यांनी कापणारा माणूस ते उडवून टाकतो. म्हणून शेवट नेहमी हेडफोन लावून, आवाज वाढवून, कानानं शोधा.

कापण्याच्या बारीक गोष्टी:

श्वास अर्धा कापू नका. एक तर पूर्ण ठेवा, नाहीतर पूर्ण काढा. अर्धा श्वास ऐकणाऱ्याला दचकवतो.

क्लिपच्या दोन्ही टोकांना 10 ते 20 मिलिसेकंदांचा फेड द्या (आवाज एकदम सुरू किंवा बंद न होता हळूहळू चढतो, उतरतो), म्हणजे "टक्" असा आवाज येत नाही. मागे खोलीचा गुंजारव असेल तर फेड लांब, अर्ध्या-एक सेकंदाचा द्या; तो गुंजारव एकदम तुटला की सांधा उघडा पडतो.

मधला भाग काढून दोन वाक्यं जोडली असतील तर जोड ऐकून विचारा: हे ऐकून मूळ बोलणारा "हो, मी हेच म्हणालो" असं म्हणेल का? उत्तर डळमळीत असेल तर जोडू नका, मध्ये निवेदकाची एक ओळ घाला.

क्लिप दुसऱ्या भाषेतली असेल तर दोन-तीन सेकंद मूळ आवाज पूर्ण ऐकू द्या, मग तो खाली नेऊन वर मराठी अनुवाद वाचा आणि शेवटचे एक-दोन सेकंद मूळ आवाज पुन्हा वर आणा. ऐकणाऱ्याला त्या माणसाचा सूर मिळतो आणि अर्थही.

क्लिप शक्य तेवढ्या मूळ दर्जाची घ्या. एमपीथ्री उतरवून घ्यायची, कापून पुन्हा एमपीथ्री करायची, ती मिक्समध्ये घालून तिसऱ्यांदा एमपीथ्री, असं केलं की दर वेळी थोडं थोडं झिजतं आणि "स", "श" पाण्यातून आल्यासारखे होतात. डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली पूर्ण दर्जाची फाइल, मिळत असेल तर तीच घ्या. एमपीथ्रीच असेल तर आल्या आल्या डब्ल्यूएव्ही करून पुढचं सगळं काम त्यावर करा.

6. गप्पांचं रेकॉर्डिंग

माइकपेक्षा खोली जास्त बोलते. उघड्या भिंती, काचा, फरशी म्हणजे आवाज घुमणार, आणि घुमलेला आवाज नंतर पूर्ण काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट, जाड पडदे, गाद्या, पुस्तकांची मांडणी, यांच्यामध्ये बसा. पंखा आणि फ्रिज बंद करा. (फ्रिज परत सुरू करायची आठवण राहावी म्हणून मी रेकॉर्डरची पिशवी त्याच्या दाराला अडकवते.)

तोंड आणि माइक यांत साधारण एका वितीपेक्षा थोडं कमी अंतर ठेवा, माइक थोडा तिरका. समोरासमोर धरला की "प, फ, ब, भ" यांचा भपकारा थेट आत जातो. सुरुवातीला पाहुण्यांना "फाटक बंद, भिंत पडली, पाखरं भुर्रकन उडाली" असं काहीतरी बोलायला लावा. भपकारा आला तर माइक अजून तिरका करा किंवा पॉप फिल्टर लावा. दोन माइक्समधलं अंतर हे तोंड आणि माइक यांतल्या अंतराच्या किमान तिप्पट असावं, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये कमी झिरपतो.

सेटिंग: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही, प्रत्येक माइक मोनो (डावं-उजवं वेगळं नाही, एकच ट्रॅक). याची एका तासाची फाइल एका ट्रॅकला सुमारे 518 मेगाबाइट होते, त्या हिशोबानं कार्डात जागा पाहा. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यानं बोलताना काटा -12 डेसिबलच्या आसपास जाईल. हसताना माणसं दुप्पट जोरानं हसतात, ती जागा मोकळी हवी. शून्याला आपटलेला आवाज फाटतो आणि तो परत शिवता येत नाही.

गप्पा सुरू करण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून 30 सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करा. एडिटिंग करताना जिथे खोकला, खुर्ची, फोन काढाल तिथे ही शांतता भरायची आहे. कॉम्प्युटरची पोकळ शांतता घातली तर कानाला लगेच खड्डा लागतो.

7. पाहुणे दूर असतील तर

कॉलचा आवाज हा फक्त आधार म्हणून ठेवा. खरं रेकॉर्डिंग दोन्हीकडे, आपापल्या मशीनवर करा आणि पाहुण्यांनी त्यांची फाइल नंतर पाठवावी. सुरुवातीला मोजून एक टाळी आणि शेवटी एक टाळी वाजवा. पहिल्या टाळीवरून ट्रॅक्स जुळतात. शेवटची टाळी जुळली नाही तर कळतं की दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगवेगळी चाललीत. लांब गप्पांत सेकंदाच्या काही भागाचा फरक पडतो आणि उत्तर प्रश्नाच्या अंगावर यायला लागतं. मग एखाद्या शांत जागी कापून ट्रॅक थोडा सरकवायचा.

पाहुण्यांना ब्लूटूथ हेडसेट काढून तारेचा लावायला सांगा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा फोनकॉलच्या पातळीवर उतरतो. संकोच करू नका. आधी सांगितलं तर लोक आनंदानं करतात.

8. एडिटिंग कोणत्या क्रमानं

सगळे ट्रॅक्स जुळवून मूळ फाइल्सची प्रत काढली की आधी आशयाची काटछाट, मग आवाजाची सफाई, मग क्लिप्स आणि संगीत, शेवटी एकूण लेव्हल. काढून टाकायच्या दहा मिनिटांमधली खरखर साफ करत बसण्यात अर्थ नाही.

आशय कापताना प्रत्येक "म्हणजे" आणि "अं" काढू नका. अडखळणं हे विचार करण्याचं चिन्ह असतं. दोन प्रश्न एकात एक गुंतलेत, तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली, असं काढा.

सफाईत हात आखडता ठेवा. 80 हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरनं काढा, त्यात बहुतेक गाड्यांची घरघर आणि टेबलाचे धक्केच असतात. सतत येणारा "सूं" आवाज नॉइज रिडक्शननं 6 ते 9 डेसिबलच खाली आणा; जास्त ओढलं की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजांतला फरक कमी करणं, 3:1 च्या आसपास पुरतं.

9. क्लिप, संगीत आणि बोलणं यांच्या लेव्हल्स

ऐकणारा चालताना, प्रवासात, काम करताना ऐकतो. त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला की आपलं काहीतरी चुकलंय.

जुनी क्लिप बारीक आणि चिरकी असते, तिला बोलण्याच्या बरोबरीला आणा, पण तिचं जुनेपण पुसू नका. बोलण्याखालचं संगीत बोलण्यापेक्षा 18 ते 20 डेसिबल खाली ठेवा. गाण्याचे शब्द बोलण्याखाली कधीच नकोत, कान दोन्ही वाक्यांमागे धावतो आणि एकही पकडत नाही.

एकूण पातळी एलयूएफएसमध्ये मोजतात, म्हणजे कानाला सरासरी किती मोठं लागतं त्याचं माप. अ‍ॅपलची शिफारस -16 च्या आसपास, एक डेसिबल इकडेतिकडे, आणि शिखर -1 डेसिबलच्या वर नको. मी तेच धरते. युरोपातल्या प्रसारणासाठी -23 हे मान 2010 पासून आहे, ते पॉडकास्टला फार बारीक पडतं. फाइल मोनो असेल तर -16 ऐवजी -19 असं सांगितलेलं आढळेल. कानाला दोन्ही सारखंच. ऑडासिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला दुहेरी मोनो (तोच आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडे) धरण्याची एक खूण असते. ती चालू असेल तर -16 च टाका, -19 टाकलंत तर आवाज दोनदा कमी होतो. या खुणेपायी माझे दोन एपिसोड बारीक गेले होते.

10. ऐकून बघा

एडिट केल्या केल्या ऐकू नका, कानाला सगळं पाठ झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी फोनच्या छोट्या स्पीकरवर, स्वयंपाक किंवा आवराआवर करत ऐका. कुठे हात थांबला, कुठे शब्द सुटला, ते कागदावर फक्त मिनिटाच्या आकड्यानं टिपा. मग एकदा हेडफोनवर. स्टीरिओ संगीत वापरलं असेल तर मोनोमध्येही वाजवून बघा. काही संगीतात डावं-उजवं एकमेकांना खोडतं आणि मोनोमध्ये वाद्यं गायब होतात.

क्लिपमध्ये ज्यांचा आवाज आहे त्यांना शक्य असेल तर तेवढा भाग प्रसिद्धीआधी ऐकवा. सिग्नलमनना मी ते 24 सेकंद फोनवर ऐकवले होते. त्यांनी एकच विचारलं, "शेवटचं राहिलंय ना, गाडी गेल्यावरचं?"

11. फाइल बाहेर काढणं आणि ठेवणं

नुसत्या गप्पांना मोनो 64 केबीपीएस एमपीथ्री पुरतं, तासाला सुमारे 29 मेगाबाइट. संगीत बऱ्यापैकी असेल तर स्टीरिओ 128 केबीपीएस, तासाला सुमारे 58. शीर्षक, एपिसोड क्रमांक, निर्मात्याचं नाव फाइलच्या टॅगमध्ये भरा. क्लिप्सच्या श्रेयाच्या ओळी एपिसोडच्या वर्णनात नोंदवहीतून जशाच्या तशा उतरवा.

ठेवायचं ते असं: मूळ रेकॉर्डिंग, एडिटचा प्रोजेक्ट, अंतिम डब्ल्यूएव्ही, आणि संगीत व क्लिप्स वगळून फक्त बोलण्याची एक वेगळी डब्ल्यूएव्ही. ही शेवटची फाइल काढायला दोन मिनिटं लागतात. ती असती तर माझ्या त्या चौदा एपिसोड्सचं नुसतं संगीत बदललं असतं आणि एकही वाक्य कापावं लागलं नसतं. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. फोल्डरच्या नावात एपिसोड क्रमांक आणि तारीख. "अंतिम", "अंतिम2", "खरंच अंतिम" अशी नावं नकोत.

एपिसोड प्रसिद्ध झाला की नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवून भरा: कोणती क्लिप, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला.